मेंदूच्या काठाला आलेला वास

मी एक जुना काठ आहे. लगेच पंचगंगेकडे बघू नका, मी नदीचा काठ नव्हे. लुगड्याचाही नव्हे. पण लुगड्याच्या काठाशी माझं नातं लागतं, ते पुढे येईलच. मी बाळासोंच्या मेंदूचा काठ आहे. बाळासो कोल्हापूरच्या कसबा बावड्याला राहतात आणि म्हशी पाळतात. मी त्यांच्या डोक्यात राहतो आणि सगळ्यांवर नजर ठेवतो.

मित्रांनो, अनोळखी माणसांशी बोलायची माझी पद्धत नाही. तुम्ही लहान आहात म्हणून बोलतोय. तरी जरा लांबच बसा. आणि त्या मागच्या मुलाने खिशात काय लपवलंय ते आधी दाखवावं. शेंगदाणे? बरं, असू देत.

मेंदू दिसायला सोललेल्या अक्रोडासारखा असतो. त्याचे दोन अर्धे असतात. ते हलकेच बाजूला केले, तर मध्ये दोघांना जोडणारा पांढऱ्या तंतूंचा पूल दिसतो. त्या पुलाच्या वरून, कमरेला पट्टा बांधावा तशी एक घडी जाते. तो माझा वरचा भाग. तिला पट्टाच म्हणतात. हा पट्टा कपाळाच्या मागून निघतो, पुलाला वळसा घालून मागे जातो, खाली उतरतो आणि कानशिलाच्या आतल्या अंगाने पुन्हा पुढे येतो. तिथे त्याचं टोक वळलेलं आहे, त्याला आकडा म्हणतात. आकड्याला चिकटून एक बदाम आहे, तो भीती सांभाळतो. शेजारी सुरळी होऊन एक समुद्रघोडा पडलेला असतो, तो आठवणी ठेवतो. ही नावं ठेवताना डॉक्टर लोक उपाशी होते की समुद्रावर फिरायला गेले होते, हे मला अजून कळलेलं नाही. ते मला लिम्बिक म्हणतात. त्या परक्या शब्दाचा अर्थही काठच.

बदाम माझ्या हद्दीत धरायचा की नाही, यावर जाणकारांचं एकमत नाही. माझी मोजणी पुन्हा पुन्हा होते आणि प्रत्येक जण खुंटी वेगळ्या जागी ठोकून जातो. जमिनीचा वाद मी बावड्यात पुष्कळ ऐकला आहे, त्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही. फक्त खुंटी ठोकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मला जुना म्हणतात ते उगाच नव्हे. माझ्या वर मेंदूची जी मोठी सुरकुतलेली साल आहे, तिला सहा थर असतात. ती नवी इमारत. माझ्या काही भागांत तीनच थर आहेत. ते जुनं बांधकाम. हिशेब, भाषण, वादविवाद, असली शहाणपणाची कामं वरच्या मजल्यावर चालतात. राग, माया, भीती, आठवण आणि वास ही माझ्याकडची कामं. त्यातही वासाचं माझं खास आहे. डोळ्यांची, कानांची, कातडीची खबर मेंदूत आली की आधी आतल्या एका नाक्यावर थांबते, तिथे तपासली जाते आणि मग पुढे सोडतात. वास मात्र नाक्यावर न थांबता माझ्याकडे येतो. म्हणून वास आला की माणूस आधी गहिवरतो किंवा भांडतो, आणि विचार नंतर करतो.

संशय घेणं हेही माझंच काम. त्याला कारणं शोधून देण्याचं काम वरच्या मजल्याचं. ते लोक त्यात फार हुशार आहेत. आजवर मी घेतलेला एकही संशय त्यांनी कारणावाचून परत पाठवलेला नाही.

बाळासो रांगत होते तेव्हापासून मी कामावर आहे. आईच्या पदराचा वास मी ओळखला. पहिल्यांदा म्हशीने लाथ झाडली तेव्हा घाबरलो मी. लग्नासाठी धोंडुबाईंना बघायला गेले तेव्हा त्यांच्या वेणीतल्या अबोलीपाशी सगळ्यात आधी गोंधळलो तोही मीच. पण मित्रांनो, नाव कुणाचं झालं? माया मी करायची आणि चित्र हृदयाचं काढायचं. भीती मी बाळगायची आणि गोळा पोटात यायचा. धीर मी धरायचा आणि छाती फुगायची. लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या मागे, मुलींच्या वह्यांवर, सगळीकडे ते लालभडक हृदय. माझं चित्र कुणी रिक्षावर काढलेलं मी तरी ऐकलेलं नाही. मी ते मनाला लावून घेत नाही. मन म्हणजे पुन्हा मीच, त्यामुळे लावायचं तरी कुणाला.

आता मोनाची गोष्ट सांगतो. मोना ही बाळासोंची म्हैस. अंगाने काळीभोर, शिंगं मागे वळलेली, कपाळावर पांढरा ठिपका. बाळासो तिला रोज संध्याकाळी शहरातल्या दूधकट्ट्यावर नेतात. कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं राहतं, म्हैस समोर उभी राहते, आणि धार थेट पेल्यात पडते. फेस ओठाला लागतो. डोळ्यांदेखत काढल्याशिवाय दुधावर विश्वास ठेवायचा नाही, ही कोल्हापूरची रीत. ही माणसं मला पहिल्यापासून आपली वाटतात.

दिवाळीच्या पाडव्याला इथे म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, आणि मालक मोटारसायकलची पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढून फटफट आवाज करत पुढे पळतो. मागून म्हैस त्याच्या हाकेला धावते. काही वर्षांमागच्या पाडव्याला बाळासो असे पळत असताना गाडी घसरली आणि त्यांचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. कानशिलावर. म्हणजे माझ्याच दारावर. मागून पन्नास माणसं आणि वीस म्हशी येत होत्या. मोना थांबली आणि त्यांच्यावर आडवी उभी राहिली. तिला ओलांडून त्यांच्यापर्यंत कुणाचा पाय आला नाही.

"काय न्हाय झालं," म्हणत बाळासो उठले. रक्त पुसलं, फेटा घट्ट बांधला आणि गाडी सुरू केली. धोंडुबाई म्हणाल्या, "दवाखान्यात दाखवून येऊया की." तर म्हणाले, "डोस्कं हाय ते, अंडं न्हाय." मोनाच्या गळ्यात त्या रात्री नवी घंटा आली. माझी मात्र कुणी चौकशी केली नाही.

बरीच वर्षं सगळं सुरळीत होतं. मग या उन्हाळ्यात एका सकाळी मला वास आला. करपलेल्या दुधाचा. पातेल्याच्या बुडाला लागून काळं झाल्यावर येतो तसा.

"संयोगिता," बाळासो पडवीतून म्हणाले, "दूध करपलंय."

संयोगिता ही त्यांची सून. ती परड्यात कपडे वाळत घालत होती. तिने आत जाऊन बघितलं. "मामा, गॅस बंद हाय. दूध अजून तापायलाच ठेवलं न्हाय."

"मग वास कसला येतोय?"

"मला न्हाय येत."

झालं, माझा पहिला संशय सुनेवर गेला. वरच्या मजल्याने ताबडतोब कारणं पुरवली. करपलेलं पातेलं तिने लपवलं असणार. खिडकी उघडी आहे, म्हणजे वास घालवला असणार. ती शांत बोलते आहे, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. दोन-चार दिवस बाळासो स्वयंपाकघरातली सगळी पातेली आदळआपट करत उलटी करून बघत होते. पातेली लख्ख होती. यामुळे संशय आणखीनच वाढला.

असा वास आला की बाळासो क्षणभर गप्प व्हायचे. नजर कुठेतरी लागायची आणि तोंड आपोआप हलायचं, काही चघळत असल्यासारखं. मग भानावर यायचे आणि मध्ये काय झालं ते त्यांना ठाऊक नसायचं. धोंडुबाईंनी ते तोंड हलताना बघितलं. बाळासोंनी तंबाखू सोडल्याची शपथ त्यांच्याच डोक्यावर हात ठेवून घेतली होती. तेव्हापासून त्या नवऱ्याच्या सदऱ्याचे खिसे रोज उलटे करून धुवायला लागल्या. घरात एकाने पातेली तपासायची आणि एकीने खिसे. मला घर कसं भरल्यासारखं वाटलं.

आणि मग एका संध्याकाळी तो वास कट्ट्यावर आला, ऐन धारेत.

बाळासोंचा हात थांबला. तोंड हललं. भानावर आले तेव्हा पेला अर्धा भरलेला होता आणि माझ्याकडे तो वास अजून रेंगाळत होता. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग मोनाकडे. समोर रोजची माणसं उभी होती. एसटीतून निवृत्त झालेले ज्ञानू ड्रायव्हर होते आणि तालमीतला राजवीर होता.

"ज्ञानूदा, दुधाला करपल्याचा वास मारतोय. घ्या, बघा."

ज्ञानूंनी पेला नाकाशी धरला. मालक स्वतः म्हणतोय आणि वास येत नाही म्हणावं, तर आपलंच नाक गेलं असं ठरायचं. "व्हय," ते म्हणाले, "जरासा हाय खरा."

राजवीरने पेला घेतला. वयाने मोठ्या माणसाला आलेला वास पैलवानाला येऊ नये, हे बरं दिसलं नसतं. "जरासा कुठं, चांगला दणकून मारतोय की, आबा."

पेला पुढे गेला. कट्ट्यावरच्या एकूण एक माणसाला वास आला. मित्रांनो, थेट सडातून निघालेलं दूध करपेल कसं, हा प्रश्न तिथे एकालाही पडला नाही. उलट कारणं सुरू झाली.

"जळलेल्या उसाचं वाडं खाल्लं असंल."

"मी कालच म्हणणार हुतो. काल बी येत हुता."

"माझी बायको परवाच म्हणाली, ह्या दुधाचा चहा जरा येगळाच लागतोय."

वरचा मजला फक्त माझ्याकडेच आहे असं मी समजत होतो. सगळ्या कट्ट्याचा वरचा मजला एकदम कामाला लागलेला मी त्या दिवशी बघितला.

जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी मोनाची कास बघितली, दूध तपासलं आणि म्हैस ठणठणीत आहे म्हणाले. बाळासोंना ते डॉक्टर फारच तरुण वाटले. चारा बदलला, पाणी बदललं, गोठा धुतला. वास येतच राहिला. गिऱ्हाइकं शेजारच्या म्हशीपुढे उभी राहायला लागली. मोना कट्ट्यावर रिकामी उभी राहायची आणि कुणी पेला घेऊन आलं की मान वळवायची. तो पेला पलीकडे जायचा.

त्या वेळी समुद्रघोड्याने मला पाडव्याची आठवण काढून दाखवली. मोनाचे चार पाय, त्यांच्यामधून दिसणारी पळणारी माणसं. मला गलबलून आलं. पण संशयही माझाच आणि मायाही माझीच. दोघं एकाच घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. बाळासोंनी ठरवलं, मोनाला विकायचं. कुरुंदवाडच्या रुद्रय्यांना निरोप गेला. म्हशींचा व्यापार करणारा माणूस, शब्दाला पक्का आणि बोलायला कमी.

संयोगिता मात्र सगळं बघत होती. रुद्रय्या यायच्या आदल्या दिवशी बाळासो दाढी करून आले, गालाला अजून साबण लागलेला. आल्या आल्या म्हणाले, "त्या न्हाव्याच्या दुकानात बी कुणीतरी दूध करपवलं."

"दुकानात दूध कुठलं, मामा?"

"तेच म्हणतोय मी. सगळी मिळून हायत."

संयोगिताने धोंडुबाईंना आत बोलावलं. "आत्ती, मोना काय दाढी करायला गेलती?"

धोंडुबाईंनी हातातला उलटा खिसा तसाच धरून ठेवला. "तंबाखू पण न्हाय गं सापडत," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुद्रय्या आले. पाणी प्यायले, मोनाभोवती एक फेरी मारली, शेपटी उचलून बघितली, दात बघितले. बाळासो वासाबद्दल सांगायला तोंड उघडत होते, एवढ्यात संयोगिता मध्येच म्हणाली, "मामा, थांबा. पावण्यांना आधी धार काढून दावूया. त्यांचं ते बघतील." सुनेने मध्ये बोलणं बाळासोंना आवडलं नाही. पण धार दाखवायची रीत होती, ती मोडता येत नव्हती.

रुद्रय्यांनी पेला घेतला. वास घेतला. घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. घेणारा व्यापारी खोड काढायलाच आलेला असतो, तोच त्याचा धंदा. मीसुद्धा कान टवकारले, म्हणजे बाळासोंचे.

"चांगलं हाय," रुद्रय्या म्हणाले.

"नीट बघा," बाळासो म्हणाले.

"बघितलं की. घट्ट हाय, गोड हाय. अशी म्हस तुमी का इकाय लागलाय, ते मला कळंना."

"वास?"

"कसला वास?"

मित्रांनो, मी जन्मभर संशयावर जगलो आहे, त्यामुळे हा हिशेब मला लगेच कळला. ज्याला खोड काढण्यात फायदा, तो म्हणतो खोड नाही. मग ज्यांना काहीच फायदा नव्हता त्या सगळ्या कट्ट्याला वास कसा आला?

"ह्यांना कुणी आधी काय सांगितलं न्हवतं," संयोगिता म्हणाली. "म्हणून."

बाळासोंनी ते कानाआड केलं. मोनाच्या गळ्यातलं दावं सोडायला वाकले. त्यांच्या घरात म्हैस विकतात तेव्हा दावं देत नाहीत, घेणारा आपलं दावं आणतो. गाठ सोडता सोडता मला पुन्हा तो वास आला, करपलेला, काळा. जवळ दूध नव्हतं. पेला रुद्रय्यांनी केव्हाच रिकामा केला होता. बाळासोंची नजर लागली. तोंड हलायला लागलं. अर्धी सुटलेली गाठ हातात तशीच राहिली.

मोनाही तेव्हा रवंथ करत होती. मालक आणि म्हैस समोरासमोर उभे राहून एका लयीत चघळत होते. हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही.

भानावर आल्यावर बाळासो म्हणाले, "करपलंय कुठंतरी."

धोंडुबाईंनी त्यांचा हात धरला. "अवं, कायच करपल्यालं न्हाय."

रुद्रय्यांनी आपलं दावं पुन्हा खांद्यावर टाकलं. "तंगी," ते संयोगिताला म्हणाले, त्यांच्याकडे कानडीत धाकट्या बहिणीला तसं म्हणतात, "डॉक्टर चुकीच्या जनावराला दाखवलाय तुमी. आधी ह्यांना न्या. दुखणेकऱ्याच्या हातनं मी म्हस सोडवून नेत न्हाय." आणि चहाला न थांबता गेले.

त्याच दिवशी बाळासोंना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पवित्रा याही कर्नाटकाच्या सीमेकडच्याच. त्यांनी बाळासोंना अज्जा, म्हणजे आजोबा, म्हटलं, त्यामुळे बाळासोंचा निम्मा संशय दारातच गळाला. त्यांनी प्रश्न विचारले, पण उत्तर सुचवलं नाही. मग डोक्याला तारा लावल्या, मोठ्या यंत्रात घालून फोटो काढला आणि तो उजेडावर धरला.

मी फोटोत पहिल्यांदाच स्वतःला बघत होतो. जरा बारीक दिसत होतो. आणि माझ्या आकड्यावर एक पांढरट डाग होता.

"डोक्याला कधी मार लागलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय," बाळासो म्हणाले.

"पाडव्याला," धोंडुबाई आणि संयोगिता एकदम म्हणाल्या.

डॉक्टरांनी संयोगिताच्या पदराचा काठ हातात घेतला, त्याची एक गोल घडी केली आणि टोक आत दुमडलं. "अज्जा, मेंदूला असा काठ असतोय. वास कळतोय तो ह्या दुमडलेल्या टोकापाशी. तुम्ही पडला तेव्हा इथं जखम झाली, आत व्रण राहिला. कधीकधी त्या व्रणातून ठिणगी उडती. मग नाकात काही नसताना ह्या टोकाला वास येतो, आणि तोंड हलतं. ही एक तऱ्हेची फिट आहे. हात-पाय झाडले नाहीत तरी फिटच. गोळ्यांनी आटोक्यात येईल. पण न चुकता घ्यायच्या. आणि गाडी चालवायची नाही, मी सांगेपर्यंत."

"म्हणजे मला खोटा वास येतोय?"

"वास खरा. दूध खोटं."

मित्रांनो, मी सुनेवर संशय घेतला, म्हशीवर घेतला, न्हाव्यावर घेतला, जनावरांच्या डॉक्टरवर घेतला. सगळ्या गावात एकाच ठिकाणी बघायचं राहिलं होतं. आपलं घर आतून बघायला खिडकीच नसते, त्याला मी तरी काय करणार?

घरी आल्यावर बाळासो आधी गोठ्यात गेले. अर्धी सुटलेली गाठ तशीच होती. मोना सकाळपासून त्या सैल दाव्यात उभी होती. मान खाली घातली असती तर सुटली असती. बाळासोंनी गाठ पुन्हा बांधली, घंटा पुसली आणि बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन संयोगिताला म्हणाले, "ती पातेली मीच वाकडी केली असतील. उद्या ठोकून आणतो."

"एकच वाकडं हाय, मामा," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

कट्ट्यावर मोना पुन्हा उभी राहिली. आता ज्ञानू ड्रायव्हर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मला कधीच वास आला न्हवता. मी तवाच म्हणालतो." राजवीरही तवाच म्हणालता. अख्खा कट्टा तवाच म्हणालता. मी ऐकतो आणि सोडून देतो. माझं वय झालं.

गोळ्यांनी माझी ठिणगी शांत झाली. गोळ्यांवरही मला आधी संशय होता, पण त्या पोहोचल्यावर संशय घ्यायला तितकासा उत्साह राहत नाही. परवा सकाळची गोष्ट. बाळासो पडवीत बसले होते आणि मला पुन्हा तो वास आला. करपलेल्या दुधाचा. आम्ही दोघंही दचकलो. पूर्वीचे बाळासो असते तर लगेच ओरडले असते. त्यांनी तसं केलं नाही. बाजूला लसूण सोलत बसलेल्या धोंडुबाईंना हळू आवाजात विचारलं, "अगं, तुला कसला वास येतोय का?"

धोंडुबाईंनी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड हलत नव्हतं. "गोळी घेतलीसा न्हवं?"

"घेतली. तुला येतोय का तेवढं सांग."

धोंडुबाईंनी नाक वर केलं. वास घेतला. मग लसूण टाकून आत पळाल्या. पातेलं काळं झालं होतं, दूध गॅसवर उतू जाऊन अर्धं आटलं होतं. संयोगिता मागच्या दाराने धावत आली. धुरात उभ्या राहून दोघी हसत होत्या, आणि बाहेर बाळासो पडवीत एकटेच हसत होते. एवढं दूध वाया गेलेलं बघून त्या घरात इतका आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, मला जपा. प्रत्येकाच्या डोक्यात माझ्यासारखा एक काठ आहे, तुमच्याही. डोक्याला मार लागला की फेटा बांधून गप्प बसू नका, दाखवून या. घरातलं कुणी नसलेला वास सांगायला लागलं, बोलता बोलता हरवायला लागलं, तर त्याला वेडा म्हणू नका आणि त्याचे खिसेही तपासू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. आणि कधी तुम्हालाच एखाद्याचा संशय आला, अगदी ठाम आला, तर दुसऱ्याला विचारून बघा. फक्त विचारताना उत्तर आधी सांगू नका.